तेलाखालचा गाळ

आमच्या मोटारसायकलचे इंजिन ऑइल आम्ही स्वतः बदलतो, ही गोष्ट कोणी विचारली नाही तरी आम्ही सांगत असू. लग्नाच्या पंगतीत सांगत असू, जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीच्या पायरीवर चपला शोधता शोधता सांगत असू, बँकेत पेन्शनच्या रांगेत तर सांगत असूच. अठ्ठावीस वर्षे मराठी शिकवलेल्या मास्तराला हातात पाना धरता येतो, याचे लोकांना कौतुक वाटावे अशी आमची फार इच्छा. लोकांना ते वाटत नसे, हा भाग निराळा. गेल्या जानेवारीपासून मात्र आम्ही हे सांगणे बंद केले आहे. का बंद केले ते एकदा लिहून काढावे, म्हणून हा प्रपंच.

गाडी आम्ही २००४ साली शिक्षकांच्या पतसंस्थेचे कर्ज काढून घेतली. शंभर सीसीची, काळ्या रंगाची, टाकीवर लाल पट्टा. बार्शीतल्या आमच्या घरापासून शाळा सोळा किलोमीटर. जाऊन येऊन बत्तीस. अशी अठरा वर्षे तिने आम्हाला ज्वारीच्या रानांमधून नेले आणि आणले. काटा सव्वा लाखाच्या पुढे गेला आणि मग फिरायचा थांबला. २०२२ साली आम्ही निवृत्त झालो, गाडी झाली नाही.

त्याआधी घरात अब्बांची लुना होती. पंपावर पेट्रोल घेतानाच त्यात तेल मिसळून घ्यायचे, ते तेल पेट्रोलबरोबर जळायचे आणि निळा धूर होऊन मागे निघून जायचे. टू-स्ट्रोक गाडीत इंजिनाचे तेल बदलणे हा प्रकारच नसतो. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली आणि शंभर सीसीची फोर-स्ट्रोक मोटारसायकल आपल्याकडे रुळत गेली. फोर-स्ट्रोकचे तेल जळून जाण्यासाठी नसते. ते फिरत राहते. इंजिनाच्या तळाशी साठते, पंप त्याला वर चढवतो, कॅम, टायमिंग चेन, पिस्टन, क्लच, गिअर असे सगळ्यांना भिजवून ते पुन्हा खाली येते. लिटरला जरा कमीच तेल, पण ते सगळ्यांच्या घरी जाते, आणि ज्याच्या घरी जे झिजले असेल ते बरोबर घेऊन येते. म्हणून जुने तेल काढल्यावर लगेच फेकू नये, आधी पाहावे. हे आज आम्ही मोठ्या ऐटीत लिहितो आहोत, पण जानेवारीपर्यंत आम्हाला ते ठाऊक नव्हते.

तेल बदलायला आम्ही शिकलो २०२० साली. मार्चमध्ये लॉकडाऊन लागले, एस.टी. स्टँडमागचे उस्तादचे गॅरेज बंद झाले आणि गाडीचे तेल मात्र बदलायला आले होते. उस्तादने फोनवर सांगितले, आम्ही कागदावर उतरवून घेतले. इंजिन चार-पाच मिनिटे चालू ठेवा, म्हणजे तेल पातळ होऊन गाळासकट खाली येईल. खाली परात ठेवा. सतराचा पाना लावा. बोल्ट निघाला की त्याचा वॉशर हरवू नका. तेल निथळू द्या, मग बोल्ट लावा, मग दहा-डब्ल्यू-तीस नंबरचे नवे तेल ओता आणि पट्टीवर खूण बघा. परात घरातली होती. त्या परातीत नंतर कणीक मळली गेली नाही आणि आमच्याशी दोन दिवस कोणी बोलले नाही. तेव्हापासून आमच्या बेगमसाहिबांनी एक जुने घमेले आम्हाला कायमचे बहाल केले आहे.

गॅरेज पुन्हा उघडले तरी आम्ही ही विद्या सोडली नाही. फक्त त्या आधीच्या ऑक्टोबरात आमची कंबर धरली, वाकता येईना, म्हणून गाडी उस्तादकडे दिली. उस्ताद नेमका पुण्याला एका लग्नाला गेलेला. गॅरेजवर पोरगा होता. वय एकोणीस-वीस, तोंडावर अजून नीट दाढीही नाही. हा आमच्याच शाळेतला. २०२० साली नववीत होता. शाळा फोनवर भरू लागली तेव्हा त्याच्याकडे फोन नव्हता. शाळा पुन्हा वर्गात भरू लागली तेव्हा तो गॅरेजवर होता. हजेरीत आम्ही त्याच्या नावापुढे बरेच महिने गैरहजेरी मांडली, मग नाव कमी झाले. तेल त्याने बदलले, आम्ही स्टुलावर बसून वर्तमानपत्र वाचले, पैसे दिले, निघालो.

दुसऱ्या दिवशी अंगणातल्या शहाबादी फरशीवर तेलाचा एक थेंब दिसला. एकच, पण आम्हाला पुरेसा होता. ‘पोरांना साधा बोल्ट आवळता येत नाही,’ असे मोठ्याने म्हणून आम्ही सतराचा पाना काढला. हाताने जोर पुरेना म्हणून पान्याच्या दांड्यात लोखंडी पाइप घातला आणि बिसमिल्लाह म्हणून असा आवळला की कमरेतून पुन्हा कळ आली. थेंब पुन्हा दिसला नाही. आमची खात्री पटली की आपण होतो म्हणून गाडी वाचली.

आता जानेवारी. सकाळचे कोवळे ऊन, इंजिन गरम केलेले, खाली घमेले. बोल्ट सैल होताना करकरला. असा तो पूर्वी कधी करकरला नव्हता. तेल पडले, काळेभोर. आमच्या चुलतभावाला शेताच्या कुंपणाच्या लाकडी खांबांना वाळवी लागू नये म्हणून जुने तेल लागते. खडे जाऊ नयेत म्हणून आम्ही ते एका जुन्या मलमलच्या ओढणीतून गाळतो. त्या दिवशी ओढणीत जे राहिले ते पाहून आम्ही उकिडवे बसलेले तसेच मागे फरशीवर बसलो.

मुगाच्या डाळीएवढे काळे तुकडे, सहा-सात. त्यांच्यात चांदीच्या तारेसारखी दोन-तीन बारीक वेटोळी. आणि या सगळ्याला लेपासारखा चिकटलेला करडा-काळा चिखल.

बेगमसाहिबा दारात आल्या. “ये क्या जी, उडद की दाल?”

“इंजिन आहे,” आम्ही म्हणालो.

“इंजिन ऐसा चुरा हो को निकलता?”

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते, पण आरोपी होता. तो आम्हाला लगेच सापडला. विचार करायला दोन मिनिटेही लागली नाहीत. ऑक्टोबरात गाडी कोणी उघडली? पोराने. त्याआधी कधी असा कचरा निघाला होता का? नव्हता, म्हणजे आम्ही कधी इतके निरखून पाहिलेच नव्हते, पण तो मुद्दा तेव्हा सुचला नाही. त्याने घाणेरडे नरसाळे वापरले असणार. कदाचित नव्या बाटलीत जुनेच तेल भरले असणार. नववीत असताना कुठे लक्ष होते त्याचे? असे एकेक पुरावे आम्ही रचत गेलो आणि आमचे आम्हालाच ते पटत गेले. ओढणीतला ऐवज स्टीलच्या वाटीत घेतला, वर कागद बांधला आणि रिक्षा करून गॅरेज गाठले.

गॅरेजवर पाच-सहा गिऱ्हाइके उभी. पोरगा एका स्कूटरचे चाक उतरवत होता. आम्ही वाटी त्याच्यासमोर धरली आणि वर्गात बोलावे तसे बोललो. काय बोललो ते सगळे इथे लिहिणार नाही. ‘शिकला असतास तर ही वेळ आली नसती’ हे त्यातले एक वाक्य. गिऱ्हाइके ऐकत होती. एकाने आपल्या गाडीकडे वळून पाहिले, जणू तिच्यातही पोराने काही टाकले असेल. पोरगा उभा राहिला, हात मागे बांधले, मान खाली. एवढा मोठा झाला तरी शाळेतलाच उभा राहण्याचा रिवाज. काही बोलला नाही.

उस्ताद आतून आला. साठी ओलांडलेला, नखांत चाळीस वर्षांचे काळे. त्याने आमच्या हातातून वाटी घेतली. “मास्तर, पहले देखेंगे, बाद में बोलेंगे,” एवढेच म्हणाला.

त्याने वाटीत थोडे डिझेल ओतले, ढवळले, चिखल वेगळा झाला तो दुसऱ्या डब्यात उतरवला. उरलेले तुकडे वर्तमानपत्रावर पसरून उन्हात ठेवले. मग फळीवरून जुन्या स्पीकरचे लोहचुंबक काढले, त्याला प्लास्टिकची पिशवी गुंडाळली आणि आधी डब्यातल्या चिखलातून फिरवले. पिशवीवर केसाळ सुरवंटासारखी बारीक काळी पूड उभी राहिली.

“हे लोखंड,” तो आता मराठीवर आला. मास्तरशी शिकवण्याच्या गोष्टी मराठीत बोलाव्यात असा त्याचा समज असावा. “गिअरच्या दातांची झीज. बोटांत चोळून बघा, पिठासारखी लागते का नाही? मग भिण्याचं कारण नाही. आणि हे जे चुंबकाला चिकटलं नाही, काळं, ते क्लच प्लेटचं. या गाडीत क्लच आणि गिअर त्याच तेलात भिजतात. सव्वा लाख किलोमीटर झाले, एवढं येणारच. नव्या गाडीच्या पहिल्या सर्व्हिसिंगला तर तेल चमचमतं. मात्र खडे आले असते, चुंबकाने उचललेले, एका बाजूने तुटल्यासारखे, तर मी म्हणालो असतो गाडीला किकसुद्धा मारू नका. तो गिअरचा दात असतो, नाहीतर बेअरिंगचा तुकडा. पिवळी चमक दिसली तर बुश. तेल दुधाच्या चहासारखं झालं तर आत पाणी गेलं. पारदर्शक रबरी शेवया निघाल्या तर कोणीतरी गॅस्केटची पेस्ट सढळ हाताने लावली.”

सगळी गिऱ्हाइके आता वर्तमानपत्राभोवती जमली होती. वर्ग उस्तादचा होता, आम्ही विद्यार्थी.

चांदीच्या वेटोळ्यांकडे चुंबक गेले. वेटोळी हलली नाहीत. “ॲल्युमिनियम. पिस्टनचं म्हणावं तर ते असं वेटोळं नसतं, पापुद्रे असतात. हे कातल्यासारखं आहे.” त्याने आमच्याकडे पाहिले. “खालचा बोल्ट काढताना करकरला का?”

आम्ही मान हलवली.

“बोल्ट लोखंडाचा, चेंबर ॲल्युमिनियमचं. जोरात आवळला की बोल्टचं काही जात नाही, चेंबरचे आटे खातो. कोणी आवळला?”

पाइपची गोष्ट आम्ही सांगितली. अंगणातला थेंब सांगितला. “थेंब तर यायचाच,” उस्ताद म्हणाला, “तेल सोडलं की चेंबरच्या बाहेरच्या बाजूला ओघळ राहतो. फडक्याने पुसून एक दिवस वाट बघायची.”

उरले काळे तुकडे. त्यातला एक त्याने पोराच्या हातात दिला. “तू सांग.” पोराने तो पुसला, नखाने दाबला. नख काढल्यावर तुकडा पुन्हा फुगला. क्लचचा असता तर नखाखाली चुरा झाला असता. चिमट्यात धरून काडी लावली, तेव्हा जळक्या टायरचा वास आम्हालाही आला.

“टायमिंगचा रोलर,” पोरगा हळूच म्हणाला.

टायमिंग चेन म्हणजे इंजिनाच्या डाव्या अंगाला वरपर्यंत गेलेली साखळी. खाली क्रँक फिरते, तिच्या तालावर वरचा कॅम फिरवायचा आणि व्हॉल्व्ह वेळेवर उघडायचे, हे तिचे काम. ती फडफडू नये म्हणून आमच्या गाडीत तिला रबराचे रोलर टेकलेले असतात आणि खालून एक स्प्रिंगचा दांडा रेटत असतो. वर्षानुवर्षे गरम तेलात राहून रबर कडक होते, तडकते, साखळी त्याचे तुकडे पाडते. साखळी ढिली झाली की डावीकडून खुळखुळल्यासारखा आवाज येतो. गाडी चालते. चालते म्हणून आपण चालवतो. इकडे ते तुकडे तेलाबरोबर खाली येतात. काही बोल्टच्या भोकातून बाहेर पडतात आणि बाकीचे पंपाच्या तोंडाशी असलेल्या जाळीत अडकतात. जाळी तुंबली की वर तेल चढत नाही, आणि कॅम कोरडा फिरू लागतो. पुढचे सांगायची गरज नाही.

“आवाज येत होता का मास्तर?”

“नाही,” आम्ही म्हणालो. खरे तर येत होता. गाडी म्हातारी झाली, कुरकुरणारच, आपण नाही का कुरकुरत, असे म्हणून आम्ही तो ऐकला नव्हता.

उस्ताद आत गेला आणि गॅरेजची वही घेऊन आला. लांबट, तेलाच्या बोटांनी पारदर्शक झालेली. कोणाची गाडी, काय काम, किती पैसे. उस्तादला लिहिता येते, पण अलीकडे वही पोरगा लिहितो. ऑक्टोबरचे पान काढून उस्तादने आमच्यासमोर धरले. अक्षर आम्ही ओळखले. नववीच्या वह्यांत ते पाहिले होते, ‘अक्षर सुधारा’ असा शेरा मारला होता. लिहिले होते: ‘सर. ऑईल बदलले. डाव्या बाजुने टायमींगचा आवाज. सरांना सांगीतले. नको म्हणाले.’

त्या चार ओळींत शुद्धलेखनाच्या चुका होत्या. डोळा सवयीने आधी तिकडेच गेला आणि त्याची लाज त्याच क्षणी वाटली. मग ऑक्टोबरातली ती दुपार आठवली. वर्तमानपत्राआडून आवाज आला होता, “सर, डावीकडून आवाज येतोय, उघडून बघू का?” आणि आम्ही पान उलटत म्हणालो होतो, “तुला सांगितलंय तेवढं कर.” आम्ही ते विसरून गेलो होतो. त्याने लिहून ठेवले होते.

भाड्याची खोली शोधत फिरलेल्या आमच्यासारख्यांना एक नजर चांगली ठाऊक आहे. खोली रिकामी असते, भाडे ठरते, मग आपण नाव सांगतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत काहीतरी सरकते. काही घडलेले नसते. फक्त त्याने मनात ठरवलेले असते. तरुणपणी पुण्यात आणि सोलापुरात ती नजर आम्ही किती वेळा पाहिली, तिच्यावर घरी येऊन किती बोललो, एकदा तर याच विषयावर भाषणही ठोकले. आणि पोरासमोर वाटी धरली तेव्हा ती नजर आमच्या डोळ्यांत होती. पुरावा वाटीत होता, पण आम्ही तो पाहिला नव्हता. आम्ही पोराला पाहिले होते.

त्या दिवशी आम्ही माफी मागितली नाही. मागायला हवी होती. “बरं, करा काय करायचं ते,” असे काहीतरी पुटपुटून रिक्षाने घरी आलो. उस्तादने दुपारी पोराला पाठवून गाडी ढकलत नेली. बोल्टखाली आटे नव्हते, म्हणून चालू करून नेता येईना. एक किलोमीटर त्या पोराने ती ढकलली आणि आम्ही खिडकीतून पाहिले.

तीन दिवसांनी गेलो. तोवर उजवीकडचे झाकण उघडून जाळी काढली होती. पोराने ती उन्हात धरून दाखवली. अर्ध्याहून अधिक जाळी रबराच्या कण्यांनी भरली होती, उरलेल्या छिद्रांतून ऊन येत होते. एवढ्याशा छिद्रांवर आमचे इंजिन ऑक्टोबरपासून जगत होते. डावीकडून मॅग्नेट उतरवले होते, वरचे हेड काढले होते, आणि चावलेल्या सुपारीसारखे दोन रोलर एका कागदावर ठेवले होते. कॅम शाबूत होता. “आणखी दोन-तीन महिने चालवली असती तर सांगता येत नव्हतं,” उस्ताद म्हणाला. चेंबर लेथवाल्याकडे नेऊन भोक मोठे केले होते आणि त्यात नव्या आट्यांची लोखंडी वेटोळी बसवून घेतली होती. नवे रोलर, नवी साखळी, नवा दांडा, गॅस्केट. बिल आमच्या अंदाजाच्या निम्मे निघाले. पण एका पाइपपायी लेथवाल्याचे पैसे विनाकारण भरावे लागले.

गॅरेजवर त्या दिवशीही गिऱ्हाइके होती. आदल्या वेळची त्यांत दोघेच होते. आम्ही ठरवून गेलो होतो की सगळ्यांसमोर बोलायचे, कारण बोललोही सगळ्यांसमोर होतो. घसा साफ केला. अठ्ठावीस वर्षे रोज बोलणाऱ्या माणसाला वाक्य सुचेना. शेवटी म्हणालो, “तू ऑक्टोबरात सांगितलं होतंस. आम्ही ऐकलं नाही. परवा बोललो ते चुकलं. माफ कर.”

पोरगा गडबडला. “असू द्या सर,” म्हणाला आणि आमच्याकडे न बघता वाकून इंजिनाखाली गेला. उस्तादने चहा सांगितला. एक गिऱ्हाईक आम्हाला जागा देऊन उभे राहिले, ते आम्हाला नको होते, तरी बसलो.

चहा संपला तेव्हा फक्त खालचा बोल्ट लावायचा राहिला होता. पोराने नवा वॉशर बोल्टात ओवला, बोटांनी चार-पाच फेरे दिले आणि सतराचा पाना आमच्यापुढे केला.

“सर, तुम्ही आवळा. घरी तुम्हीच बदलणार ना?”

आम्ही पँट वर करून खाली बसलो. पाना लावला. बोल्ट सहज फिरत गेला, मग थांबला.

“आता हळू,” तो शेजारी उकिडवा बसून म्हणाला. “वॉशर दबतो, ते हाताला कळतं. कळलं?”

खरोखरच काहीतरी मऊ दबल्यासारखे बोटांना जाणवले. आम्ही सवयीने आणखी जोर लावायला दंड आवळला, तेव्हा त्याने पान्यावर आपली दोन काळी बोटे ठेवली.

“बस, सर,” म्हणाला. “एवढंच.”